बोंड्याची राखण

कापसाच्या तेजीचा विषय निघाला की हल्लीची मंडळी मला एकच गोष्ट विचारतात. तेव्हा लोकांनी बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या होत्या म्हणे, खरं का? मी अमरावतीच्या एका मोठ्या वखारीवर जमादार होतो. बाजारात येणारी गाडी न् गाडी माझ्या नजरेखालून जायची, पण चांदीची धाव काही मला दिसली नाही. दिसल्या त्या उसवलेल्या गाद्या. रुईला असा भाव चढला होता की लोक घरातल्या गाद्या-उशा फाडून आतली रुई बाजारात आणत आणि स्वतः घोंगडीवर निजत. एका गृहस्थाने तर लग्नात जावयाला दिलेली गादी परत मागवली होती. जावईही काही कमी नव्हता. त्याने खोळ तेवढी परत पाठवली.

या अंकासाठी नोकरीतलं काहीतरी लिहा असा निरोप आला, तेव्हा मी आधी शेठजींवर लिहायला बसलो, मग बाजारावर, आणि दोन्ही वेळा लिहिता लिहिता कुत्र्यावर येऊन थांबलो. मग म्हटलं, कुत्र्यावरच लिहावं. माझं लग्न ठरवताना वडिलांनी जेवढी चौकशी केली नव्हती, तेवढी मी त्या कुत्र्याची केली होती.

वखारीचा जमादार काय करतो, ते आधी सांगतो. वखार म्हणजे काटेरी कुंपणाचं मोठं आवार. आत टिनाच्या आणि गवताच्या मांडवाखाली रुईचे ढीग. त्यांना तीन भये. पहिलं आगीचं, म्हणून फाटकाच्या आत चिलीम बंद. दुसरं पाण्याचं, म्हणजे पावसाचं नव्हे, विकणाऱ्याच्या लोट्याचं. वजन वाढावं म्हणून लोक वाटेत गाडीवर पाणी शिंपडून आणत. मी कोपरापर्यंत हात खुपसायचो. आतून रुई उबदार लागली की गाडी मागे. तिसरं भय हाताचं, आणि त्याला इलाज नव्हता. लाकूड चोरलं तर आवाज होतो, धान्य चोरलं तर सांडतं. रुई ना वाजत ना सांडत.

अमेरिकेत लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस विलायतेला जात नव्हता, आणि साऱ्या जगाला आमच्या वऱ्हाडची आठवण झाली होती. आमच्या वखारीतले ढीग मात्र रोज थोडे थोडे बसत चालले होते. आणलेला माल आणि गेलेला माल यांचा मेळ लागेना. मी कुंपण दाट केलं, पहारा वाढवला. ढीग बसतच राहिले.

आमचे पूनमचंद शेठ दिलदार माणूस, पण एखादी गोष्ट मनात आली की आलीच. एक दिवस ते कँपातल्या साहेबाच्या बंगल्यावरून आले आणि टांग्यातून उतरायच्या आधीच म्हणाले, “जमादार, आपल्याले कुत्रा पाहिजे. असा पाहिजे का त्याले पाहूनच चोराचं धोतर सुटलं पाहिजे.”

“आनतो शेठजी,” मी म्हणालो.

म्हणायला काय जातं? फाटकाच्या आत दोन खोल्यांचं माझं बिऱ्हाड होतं. तिथे माझी बायको सारजा होती आणि भिंत धरून नुकती उभी राहायला लागलेली आमची मुलगी येसू होती. कुत्रा शेठजींचा, पण राहणार माझ्या दारात. आणि सारजाला लहानपणी बार्शीटाकळीला, तिच्या माहेरी, कुत्र्याने पोटरी फोडली होती. तो वण ती आजही लुगड्याने झाकून घेते.

मी सांगितलं, तेव्हा ती भाकरी थापत होती. थापणं थांबलं नाही.

“आना ना,” ती म्हणाली. “मी चालली माहेरी येसूले घेऊन.”

“अवं, राखनीचा कुत्रा हाय. घरच्या मानसाले काय करत नाई.”

“कोन सांगतलं?”

भाकरी तव्यावर टाकून ती माझ्याकडे वळली. “ज्या जातीचा आनसान, त्या जातीच्या कुत्र्यासंगं वाढलेलं लेकरू मले दाखवा. धडधाकट. मंग आना. अन एक आयका. माह्या लेकरावर तो येक डाव जरी गुरकला, तं त्या दिवशी या घरातून तो तरी जाईन, नाई तं मी.”

ती बोललेलं फिरवणारी बाई नव्हती. म्हणजे एकीकडे शेठजी, एकीकडे सारजा, मध्ये न आणलेला कुत्रा, आणि माझा सगळा संसार त्याच्या स्वभावावर टांगलेला. मी चौकशीला निघालो.

आधी गेलो साहेबाच्या बंगल्यावरच. शेठजींना भुरळ घालणारा तो बुलडॉग व्हरांड्यात पसरला होता. छाती बैलाची, पाय खाटेच्या खुरांसारखे, आणि तोंड असं की कोणी दाराच्या फटीत चेपलं असावं. मला पाहून त्याने एक डोळा उघडला आणि मिटला. मला तो आवडला. त्याची निगा करीमभाई नावाचे एक वयस्क गृहस्थ राखायचे. त्यांनी मला पायरीवर बसवलं.

“जमादारसाब, याच्या ताकदीवर जाऊ नका. याचा दम पाहा,” ते म्हणाले. खरोखरच तो कुत्रा झोपेत धाप लागल्यासारखा घोरत होता. “इतकं चपटं नाक, हवा जाईन कुठून? चैत लागला का मी याच्या अंगावर ओली चादर टाकून बसतो. साहेबाले एवढा पंखा लागत नाई.”

“अन लेकरायसंगं कसा हाय?”

“साहेबाले लेकरंच नाईत.”

“चोरासंगं?”

करीमभाईंनी इकडेतिकडे पाहिलं. “मागच्या हप्त्यात साहेबाचे बूट गेले. हा त्या बुटांवरच झोपला होता. कोनीतरी याले उचलून बाजूले ठेवलं अन बूट नेले. साहेबाले सांगू नका, त्याले वाटते बूट धोब्यानं हरवले.”

घरी येऊन मी हे सांगितलं, तेव्हा कुत्र्याच्या विषयात सारजा पहिल्यांदा हसली.

दुसरी खेप बार्शीटाकळीकडची. माझ्या मेव्हण्याने मला हरबा धनगराच्या वाड्यावर नेलं. वाडा म्हणजे माळावरचा मेंढ्यांचा तळ. तिथली कुत्री पाहून मी गाडीतून उतरायलाच तयार नव्हतो. उंच, राठ केसांची, गळ्यात लोखंडी काट्यांचे पट्टे. लांडगा नेहमी गळा धरतो, म्हणून तो पट्टा. आणि त्यातल्या सगळ्यांत थोराड कुत्र्याच्या पोटावर डोकं ठेवून हरबाचं शेंबडं पोर गाढ झोपलं होतं. मला वाटलं, जिंकलं. सारजाला दाखवायचं लेकरू सापडलं.

मी पिल्लू मागितलं. हरबा माझ्यापेक्षा मोठ्या कामात होता. एका मेंढीच्या खुरातला काटा काढत होता. मान वर न करता त्याने विचारलं, “तुमच्या वखारीत मेंढरं किती हायेत?”

“मेंढरं नाईत. रुई हाय.”

“मंग तो राखन काय?”

“रुई.”

“रुई चालते काय? रुई ओरडते काय?” त्याने काटा काढून मला दाखवला, जणू तोही माझ्याच डोक्यातून काढला होता. “दोन शेठ घेऊन गेले माह्यापासून. दोनी कुत्रे पायी पायी परत आले. त्यायले चालता कळप पायजे, बा. भिंतीत नाई ठरत ते. तुमी अकोल्याच्या बाजारातून एखादी मेंढी घेऊन ढिगावर बांधत असान तं नेऊन पाहा.”

ही गोष्ट मी शेठजींना सांगितली नाही. त्यांनी मेंढी आणायला लावली असती.

तिसऱ्या खेपेला मी परतवाड्यापलीकडे, मेळघाटाच्या पायथ्याशी गेलो. तिथे लमाणांचा तांडा उतरल्याचं कळलं होतं. आगगाडी अजून आमच्याकडे यायची होती. मीठ, धान्य, कापूस, सगळं या लोकांच्या बैलांच्या पाठीवरून चालायचं. मुक्कामाला आले की बैलांच्या पाठीवरच्या गोण्या उतरवून त्यांचं गोल कडं रचायचं, माणसं आत, कुत्री कडेला. कुत्री कोणावर भुंकत नव्हती. एकाने माझा पाय हुंगला आणि तो निघून गेला. मला वाटलं, ही कसली राखण? मी भाकरीचं गाठोडं एका गोणीवर ठेवलं, नायकाला रामराम घातला, बोलणं सुरू केलं. भूक लागली म्हणून गाठोडं घ्यायला हात घातला, तर मघाचाच कुत्रा आला आणि त्याने माझं मनगट तोंडात धरलं. चावला नाही, गुरगुरला नाही. एखाद्या वडीलधाऱ्याने धरावं तसं धरलं. मी हात ओढला की दात थोडे रुतायचे, सैल सोडला की तोही सैल सोडायचा.

“माहीच भाकर हाय रे ती,” मी त्याला समजावलं. सगळा तांडा हसत होता.

शेवटी नायकाची बायको उठून आली. अंगभर आरशांचा घागरा, हातात कोपरापर्यंत बलोये, म्हणजे पांढऱ्या हस्तिदंती बांगड्या. तिला सगळे याडी म्हणत. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. तिने गाठोड्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “देल्लं.” दिलं, एवढंच. कुत्र्याने मनगट सोडलं आणि तो आपल्या जागी जाऊन बसला.

“इथं जे ठेवलं, ते त्याच्या राखनीत गेलं,” याडी म्हणाली. “कोनी बी यावं, कोनी बी बसावं. पर देल्लं म्हटल्याबिगर काडी उचलू देत नाई तो. नायकाले बी नाई.”

मला वाटलं, मी या कुत्र्याची चौकशी करायला आलोय. तिने मला समोर बसवलं आणि माझीच चौकशी सुरू केली. घरात माणसं किती, ओरडून कोण बोलतं, लेकराला कोण मारतं, दारू कोण पितं. मी सगळ्याला नाही नाही म्हणत गेलो. मग तिने विचारलं, “भाकर कोन घालन त्याले?”

“माही बायको.”

“मंग तू काहून आला?”

पिल्लू बाप्याच्या हातात द्यायची त्यांच्या तांड्याची रीत नव्हती. भाकर घालील तिच्याच हाती ते जायचं, आणि तेही पिल्लाच्या आईने त्या हातचं खाल्लं तर. मी म्हणालो, “तिले कुत्र्याचं लय भेव हाय.”

“तं मंग तिलेच आन,” याडी म्हणाली. “जिले भेव असते, ते जपून वागते.”

सारजाला हे सांगायला मी शब्द जुळवत परतवाड्याहून घरापर्यंत आलो. तिने सगळं ऐकून घेतलं. मनगट धरल्याचं मी सांगितलं, तेव्हा तिने माझा हात ओढून दोन्ही बाजूंनी पाहिला. दाताचा ठसा नव्हता. मग रात्री भांडी आवरताना म्हणाली, “त्या बाईले माहं भेव सांगतलं, तरी बलावलं तिनं?”

“हो.”

“तं मले ते बाई पाह्याची हाय.”

येसूला घेऊन आम्ही गाडी जुंपून गेलो. याडीने सारजाला पिल्लांच्या आईसमोर जमिनीवर बसवलं. ती कुत्री उभी राहिली तर बसलेल्या सारजाच्या तोंडाएवढी. सारजाने भाकरीचा तुकडा पुढे केला आणि तो तिच्या हातून पडला. तिने दुसरा मोडला. कुत्रीने आधी पडलेला खाल्ला, मग हातातला, मग हात चाटला. सारजाचे डोळे गच्च मिटलेले. म्हणून पुढचं तिला आधी दिसलं नाही. मांडीवरून घसरलेली येसू रांगत कुत्रीपर्यंत पोचली, तिने तिचा लोंबता कान मुठीत पकडला, आणि घरी भिंत धरून उभी राहायची तशी कान धरून उभी राहिली.

मी जागचा हललो नाही. हलता आलंच नाही. सारजाने डोळे उघडले. कुत्रीने मान थोडी खाली केली, पोरीला कान नीट धरता यावा म्हणून, आणि तशीच उभी राहिली. येसूने आमच्याकडे पाहून टाळी वाजवायला हात सोडला आणि ती धपकन बसली. सारजा रडायला लागली. हसतही होती.

“दाखवलं ना लेकरू?” याडी म्हणाली. मी तिला ती अट सांगितली होती. “दुसऱ्याचं काहून पाहतं? तुहंच पाह्य.”

मी मागून खुणा करत होतो की त्यातलं थोराड पिल्लू उचल. सारजाने ऐकलं नाही. तिच्या जमिनीवर पसरलेल्या पदरावर एक पिल्लू येऊन बसलं होतं आणि उठायचं नाव घेत नव्हतं. तिने तेच घेतलं. काळंभोर, छातीवर फुटलेल्या बोंडाएवढा पांढरा ठिपका. म्हणून त्याचं नाव बोंड्या. याडीने किंमत घेतली नाही. वचन घेतलं की बांधणार नाही, दुसऱ्याच्या हातचं घालणार नाही, आणि माल आला की दर ढिगावर हात ठेवून त्याला दाखवीन. शेवटचं मला कळलं नव्हतं. सारजाला कळलं होतं.

बोंड्या वाढला. वर्ष होता होता वासराएवढा झाला. आणि शेठजी नाराज झाले, कारण तो भुंकेना. हमाल आले, गाडीवान आले, अनोळखी व्यापारी आले, बोंड्या फाटकाशी बसून सगळ्यांकडे पाहायचा आणि जांभई द्यायचा.

“जमादार, हा तं मुका निघाला,” शेठजी म्हणाले. “चोराचं धोतर सोडा, आपलीच इज्जत चालली.”

मी म्हटलं, थांबा.

आता बाजारातली एक रीत सांगायला हवी. रुई घ्यायला आलेला दलाल ढिगातून एक मूठ काढतो, दोन्ही हातांच्या चिमटीत ओढून धागा किती लांब येतो ते पाहतो. हा नमुना. पाहून झाला की ती मूठ परत ढिगावर टाकायची पद्धत नव्हती. ती आपली उपरण्याच्या घडीत जायची. एका ढिगाची एक मूठ, पुन्हा खात्रीसाठी दुसरी, सोबत आलेल्याची तिसरी. सकाळी सडपातळ आलेला दलाल संध्याकाळी पोट सुटल्यासारखा बाहेर पडायचा. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि याला चोरी कोणी म्हणत नव्हतं. आमचे शेठजीही दुसऱ्यांच्या वखारीत तेच करत. मीही वर्षानुवर्षं फाटकाशी उभा राहून त्या सुटलेल्या पोटांना रामराम घातला आणि रात्री कुंपणाभोवती चोर शोधला.

भर हंगामातला दिवस होता. बोंड्या आता मोठा झाला म्हणून आदल्याच दिवशी सारजाने पहिल्यांदा दर ढिगावर हात ठेवून त्याला माल दाखवला होता. आवार दलालांनी फुललेलं. रुई आवारातच होती, तोवर दिवसभर बोंड्या नुसता पाहत होता. ऊन कललं, आणि गणपतराव दलाल निघाले. बाजारात त्यांचा मोठा मान. फाटकाशी बोंड्या उठला आणि त्याने त्यांचं उपरणं धरलं.

“जमादार, हे काय?”

मी धावलो. उपरणं सुटेना. त्यांच्या मागे दुसरे आले, तिसरे आले. बोंड्या फाटकात आडवा झाला, उपरणं तोंडातच. रांग लागली. कोणी चढ्या आवाजात बोललं, बोंड्याचे कानही हलले नाहीत. गलका ऐकून शेठजी आले. ते एका व्यापाऱ्याला माल दाखवत होते, हातात मूठभर रुई तशीच होती. बोंड्याने गणपतरावांचं उपरणं सोडलं आणि शेठजींचं मनगट धरलं.

“अरे, माल माहाच हाय ना,” शेठजी त्याला म्हणाले. मग मला म्हणाले, “याले सांगा ना, माल माहा हाय म्हनून.”

“तुमचा हाय शेठजी, पर त्याच्या राखनीत माह्या बायकोनं देल्ला हाय.”

सारजा पुरुषांच्या घोळक्यात कधी येत नसे. त्या दिवशी यावंच लागलं. डोईवर पदर, हात पिठाचे, कडेवर येसू. तिने शेठजींच्या मुठीवर हात ठेवला आणि म्हणाली, “देल्लं.” मनगट सुटलं. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि रांग पुढे सरकली. सारजाने गणपतरावांच्या पोटाकडे पाहिलं, मागच्यांच्या पोटांकडे पाहिलं, देल्लं न म्हणताच वळली आणि घरात जाऊन भाकरी थापायला लागली.

मग काय करतात? गणपतरावांनी आधी आकाशाकडे पाहिलं आणि मग उपरण्याची घडी उलगडली. त्यांच्यामागे एकेक जण मोकळा होत गेला. फाटकाशी रुईचा हा ढीग झाला. त्यावर दोघे आरामात निजले असते. शेठजींनी त्या ढिगाकडे पाहिलं, निघालेल्या सडपातळ मंडळींकडे पाहिलं, आणि पोट धरून हसत खाली बसले.

“जमादार,” ते म्हणाले, “चोर सापडले. सगळे आपलेच सोयरे निघाले.”

त्या दिवसानंतर फाटकाशी सारजासाठी एक बाज पडली. माल जाताना ती हात ठेवायची, मगच गाडी हलायची. बाहेरगावचा व्यापारी आला की माझ्या तोंडावर विचारायचा, “जमादारीनबाई हायेत का?” मला याचा राग यायला हवा होता. उलट छाती फुगायची.

यात एक गोष्ट सांगायची राहिली, ती आधीची आहे. बोंड्या अर्धवट वाढलेला होता. सारजाने येसूला गोधडीवर बसवलं आणि ती विहिरीवर गेली. मी पहाऱ्यावरून आलो. मला पाहून येसूने हात वर केले. मी उचलायला वाकलो आणि माझं मनगट धरलं गेलं. पोरीला सारजाने ठेवलं होतं, तेव्हा ती राखणीत होती. मी बाप आहे याचं त्याला काही नव्हतं. बापाने उचललं नाही म्हणून येसूने भोकाड पसरलं. ते ऐकून विहिरीवरून सारजा धावत आली, घागर वाटेत पडली तिचा आवाज मला आला. तिच्या मनात काय आलं असेल ते मला माहीत होतं. दारात येऊन तिने पाहिलं, तर मुलगी गोधडीवर रडतेय, कुत्रा तिच्याकडे पाठ करून बसलाय, आणि जमादार ओणवा अडकलाय.

“गुरकला काय तिच्यावर?”

“तिच्यावर नाई. माह्यावर बी नाई. सांग ना त्याले.”

चौकटीला टेकून तिने मला चांगलं निरखून पाहिलं, आणि मग ऐटीत म्हणाली, “देल्लं.” पोटरीवरच्या त्या वणाचं भय त्या दिवशी संपलं, असं ती स्वतःच सांगते.

लढाई थांबली, भाव कोसळले, लोकांनी गाद्या परत भरल्या. बडनेऱ्याला आगगाडी आली, तेव्हा आम्ही गुलाल उधळला. तांडा परतवाड्याकडे दोन-तीन हंगाम आला. आम्ही बोंड्याला दाखवून आणला, याडीने त्याचे दात पाहिले, सारजाच्या हातचं पिठलं खाल्लं. मग तांडा यायचा थांबला. जो माल ते वाहत, तो आता रुळांवरून जात होता. ज्या गाडीवर मी गुलाल उधळला, तिनेच त्यांच्या बैलांच्या पाठीवरच्या गोण्या उतरवल्या, हे माझ्या ध्यानात फार उशिरा आलं. पुढे मी बऱ्याच जणांना विचारलं, याडीचा पत्ता लागला नाही. ही एक रुखरुख आहे.

येसूचं लग्न त्या काळच्या चालीप्रमाणे लवकर झालं, आणि पाठवणीचा दिवस आला. सासर अकोल्याचं, माणसं भली. बोंड्या तेव्हा म्हातारा झाला होता, एका डोळ्यात मोतीबिंदू झालेला, उठताना मागचे पाय थरथरायचे. फाटकात गाडी उभी होती. व्याह्यांनी येसूची पेटी उचलायला हात घातला आणि त्यांचं मनगट धरलं गेलं. सगळे हसले. सारजाने पेटीवर हात ठेवून देल्लं म्हटलं. मग बायकांनी येसूला गाडीत बसवलं. बोंड्या गाडीपाशी गेला, मागचे पाय कसेबसे सावरून उभा राहिला आणि त्याने खाली लोंबणारा तिचा शालूचा पदर तोंडात धरला.

“जमादारीनबाई, म्हना आता,” कोणीतरी म्हणालं. लोक हसत होते. गणपतरावही आले होते, सगळ्यांत मोठ्याने तेच हसत होते.

सारजाने येसूच्या डोक्यावर हात ठेवला. तोंड उघडलं. साऱ्या वखारीला सोडणारा तो शब्द काही निघेना. हसणारे एकेक करून गप्प झाले. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा तेवढा आवाज. येसूने वाकून बोंड्याचा कान हातात घेतला आणि आईकडे पाहिलं. तेव्हा सारजा म्हणाली, “देल्लं.”

बोंड्याने पदर सोडला. सारजाचा हात मात्र डोक्यावरच होता.

“माय,” येसू म्हणाली, “त्यानं सोडलं. आता तू सोड.”

गाडी अकोल्याच्या रस्त्याला लागली. लोक पांगले. सारजा फाटकातच मातीत बसली आणि बोंड्या तिच्या पदरावर जाऊन बसला, तांड्यात पहिल्या दिवशी बसला होता तसा. मी तिला उठवायला हात पुढे केला, तर त्याने माझं मनगट धरलं. दात फारसे उरले नव्हते, पण धरलं.

सारजा रडता रडता हसायला लागली. “आता सांग त्याले,” मी म्हणालो.

तिने डोळे पुसले आणि माझ्यासाठी थोडी बाजूला सरकली.

“बसा इथंच,” ती म्हणाली. “मले कोनाले देल्लं नाई.”